तिसऱ्या फेरीत तुम्ही काय सांगत होतात

बाबा, गेल्या रविवारी मी नातीला सायकल शिकवत होतो. सकाळी जयपुरातल्या आमच्या मानसरोवर वसाहतीच्या गल्लीत गाड्या कमी असतात. ती पुढे, मी मागून सीट धरून पळतोय, आणि एकाएकी माझ्या तोंडून निघालं, "समोर पाह्य नं वं, चाकाकडे काऊन पाहून राहिली?" पोर पाय टेकून उभीच राहिली. "आजोबा, ये कौनसी भाषा में डाँटा आपने?" तिला मराठी समजते, आम्ही घरात बोलतो तेवढी. ही वऱ्हाडातली बोली तिनं कधी ऐकलेली नव्हती. मीही बोलत नाही. ती तुमची होती. तुम्हाला जाऊन वीसहून जास्त वर्षं झाली, चेहरा आठवायचा तर मला फोटो बघावा लागतो, पण आवाज असा न बोलावता येतो. त्या दिवसापासून लिहायचं मनात घोळत होतं. सांगायचं आहे ते एकाच दुपारचं आहे, पण तिथे पोचायला मला जरा मागून यावं लागेल. तुम्हाला माझं लांबण लावणं आवडायचं नाही, तरी या वेळी चालवून घ्या.

तुम्ही गाड्यांची चाकं ठोकायचात. जयपूर स्टेशनात गाडी येऊन थांबली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन तुम्ही फलाटाच्या पलीकडच्या बाजूनं एकेक चाक वाजवत जायचात. आवाज खणखणीत आला की पुढचं चाक, बद्द आला की तिथेच थांबायचं. एकदा, मी आठ-नऊ वर्षांचा असेन, तुमचा डबा घेऊन आलो होतो. गाडी सुटायची वेळ झालेली, गार्डानं हिरवी झेंडी हातात घेतलेली, इंजिन वाफ सोडतंय, आणि तुम्ही एका चाकापाशी अडून बसलात. पुन्हा ठोकता, कान जवळ नेता, पुन्हा ठोकता. एक साहेब धावत आले. त्यांना त्या चाकात काही दिसेना, मलाही दिसलं नाही. तुम्ही शांतपणे म्हणालात, "साहब, ये डिब्बा नहीं जाएगा." मग तुम्ही चाकाला रॉकेल लावलंत, पुसलंत, वरून खडू फासलात. आम्ही सगळे बघत उभे. मिनिटभरानं, भेगेत शिरलेलं रॉकेल वर येऊन, त्या पांढऱ्या खडूवर केसाएवढी काळी रेघ हळूहळू उमटली. साहेबांनी गार्डाला झेंडी गुंडाळायला सांगितली. माझ्या अंगावर काटा आला होता, आज लिहितानाही येतो. लोखंडाच्या आतलं ऐकणारा माणूस आपला बाप आहे, हे मी शाळेत महिनाभर सांगत फिरलो.

तोच कान तुम्ही बॉक्सिंगला लावला होता. लग्नाआधी अकोल्याकडे असताना तुम्ही रेल्वेच्या संघातून खेळलेले, आणि बदली होऊन जयपूरला आल्यावर क्वार्टरांच्या मागच्या मैदानात तुम्ही पोरांना शिकवायला लागलात. रिंगण म्हणजे रुळांखालचे चार जुने लाकडी स्लीपर पुरून त्यांना बांधलेला दोर. तुम्ही आम्हाला डोळे मिटून उभं करायचात आणि म्हणायचात, "समोरच्याचा श्वास आयक. ठोसा हातातून निघाच्या आधी नाकातून निघते." मला आधी हसू यायचं. मग एक दिवस खरंच ऐकू आलं, आणि मी डोळे मिटलेले असताना मान बाजूला केली. ठोसा कानाजवळून गेला. तुम्ही तुमचं पाणी मला प्यायला दिलंत.

एक नियम मात्र तुम्ही आयुष्यभर मोडलात, तोही तुमच्यासारख्या नियमाच्या माणसानं. फेरी चालू असताना रिंगणाच्या कोपऱ्यात बसणाऱ्या माणसानं, म्हणजे गुरूनं, आपल्या खेळाडूला काही सांगायचं नसतं, सांगायचं ते मधल्या एका मिनिटात. तुम्ही खांद्यावर टॉवेल टाकून, तोंड भलतीकडे करून, स्वतःशीच पुटपुटल्यासारखे बोलत राहायचात. बोली आपली, पंच हिंदीवाले. एकदा एका पंचानं विचारलं तर तुम्ही हात जोडून म्हणालात, "भगवान का नाम ले रहा हूँ, जी." जयपुरात आपली भाषा म्हणजे आपल्या घरचं कुलूपबंद कपाट, असा तुमचा पक्का समज होता. आईचाही. चारदीवारीतल्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातल्या, बांगड्यांच्या दुकानात ती भैयाच्या तोंडावर तुम्हाला सांगायची, "हा लबाड हाय, उठा आता," आणि भैया हसून तिच्यापुढे आणखी एक डबा उघडायचा. आपण तिघं त्या शहरात असे बिनधास्त बोलत फिरायचो.

आणि मी काय करायचो, तर तुमचं ऐकायचो नाही. केस मानेखाली वाढवले, पहाटेचं धावणं बुडवलं, कॉलेजात दोनदा मारामारी केली. रिंगणात तुम्ही डावा म्हणालात की मी उजवा मारायचो, मागे सर म्हणालात की पुढे घुसायचो. आणि जिंकायचो. हीच खरी पंचाईत होती. हरलो असतो तर सुधारलो असतो. कॉलेजची पोरं मला खांद्यावर घ्यायची आणि तुम्ही मागे बादली, स्टूल आणि टॉवेल गोळा करत असायचात. "ठोकून बघायला मी काय चाक आहे का?" असं मी एकदा तुमच्या तोंडावर बोललो. आईनं तव्यावरची पोळी तशीच करपू दिली. तुम्ही जेवत होतात, जेवत राहिलात.

मग ती घंटेची गोष्ट झाली. सरावात तुमच्याच एका शिष्याशी खेळताना त्यानं मला हसून डिवचलं होतं. फेरी संपल्याची घंटा वाजली, त्यानं हात खाली घेतले, वळला, आणि मी मारलं. तो तोंडावर पडला आणि काही क्षण उठेना. तुम्ही त्याला उठवलंत, त्याच्या तोंडावर पाणी मारलंत, त्याला घरापर्यंत सोडून आलात आणि मग माझ्यापुढे उभे राहिलात. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. तुम्ही माझ्या हातातले ग्लोव्ह्ज स्वतः सोडवलेत, एकेक नाडी, जशी लहानपणी बुटाची सोडवायचात. म्हणालात, "घंटेच्या आधी मारलं तं ठोसा असते. घंटेच्या नंतर मारलं तं निस्ता मार असते. थो कोनालेबी येते." दोन महिने ग्लोव्ह्ज पत्र्याच्या पेटीत कुलपात राहिले. संतापानं मी दोन महिने तुमच्याशी बोललो नाही, आणि दोन महिने रोज पहाटे धावलो. हे दुसरं तुम्हाला माहीत नसावं असं मी धरून चाललो होतो. तुम्हाला माहीत होतं, आईनं नंतर सांगितलं.

आता ती दुपार. संक्रांतीच्या आसपासचे दिवस, मी एकोणीस वर्षांचा. राज्याच्या संघात जायचं तर हा अंतिम सामना जिंकायचा होता, पण सकाळी स्वयंपाकघरात तुम्ही जे बोललात त्यापुढे मला राज्याचा संघ लहान वाटायला लागला. वजन बरोबर भरावं म्हणून मी आदल्या दिवसापासून उपाशी होतो, आई तीळ भाजत होती आणि त्या वासानं माझं डोकं फिरत होतं. तुम्ही पाटावर बसून माझ्या हाताच्या पट्ट्या गुंडाळत होतात. वर न बघता म्हणालात, "आज तीन फेऱ्या आयक. फक्त आज. आयकलं नाही तं मी पुन्हा तुह्या कोपऱ्यात बसत नाही." आई म्हणाली, "सणासुदीचं काय बोलता." तुम्ही म्हणालात, "बोललो नं." तुम्ही धमक्या देणारे नव्हतात. मी "बरं" म्हणालो. तुम्हाला ते कोरडं वाटलं असेल, पण मी मनातून म्हणालो होतो. तुमच्याशिवायचा कोपरा मी कल्पनेतही बघितला नव्हता.

रिंगण उघड्या मैदानात. एका बाजूला रेल्वेची माणसं, दुसऱ्या बाजूला छावणीतली फौजी मंडळी, मधे कॉलेजची पोरं. डोक्यावर सगळं आभाळ पतंगांनी भरलेलं, गच्च्यांवरून दर मिनिटाला "वो काटा" अशी आरोळी येतेय. समोरचा फौजी आहे. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, सावळा, आखूड मानेचा. त्या वर्षी डोक्याला गुंडाळायची गादीची टोपी नवीनच आलेली, तिच्यातून त्याचे फक्त डोळे, नाक आणि ओठ दिसतात. तो कुठला, काय, कोणी विचारलं नाही. फौजी म्हणजे फौजी.

पहिली फेरी. मी ऐकतोय, बाबा. तुम्ही दोराखाली बसून आभाळाकडे बघत पुटपुटता, "डावा, डावा, मंग खाली." मी डावा टाकतो, डावा टाकतो, खाली जातो, आणि त्याचा कोपर तिथे आधीच येऊन थांबलेला. "बाजूनं निंग." मी बाजूला निघतो आणि त्याचा उजवा माझी वाट बघत असतो. असं कधी झालं नव्हतं. तुमचं सांगणं चुकीचं नव्हतं. त्याची उजवी बगल खरंच उघडी पडत होती, तुम्ही म्हणालात तेव्हाच पडत होती, पण माझा हात पोचेपर्यंत ती बंद व्हायची. घंटा झाली. तुम्ही माझ्या तोंडातून दातांची पट्टी काढलीत, पाणी दिलंत. तुमचा चेहरा उजळलेला होता. मी मार खाऊन आलो होतो आणि तुम्ही खूश होतात. "आयकून राहिला," म्हणालात, "असंच. थोडं लवकर." तुमचा तो चेहरा मी आजवर विसरलो नाही. इतकं साधं होतं तुम्हाला खूश करणं, आणि मी एकोणीस वर्षं ते टाळलं होतं.

दुसऱ्या फेरीत माझं नाक फुटलं. तुम्ही "डावा" म्हणालात, त्यानं डावा अडवला आणि वरून मारलं, डोळ्यांत पाणी आलं आणि मी आंधळ्यासारखा त्याला जाऊन भिडलो. भिडल्यावर तुमचा काही हुकूम नव्हता, म्हणून मी माझ्या मनानं एक आखूड ठोसा त्याच्या बरगडीखाली घातला. सगळा जोर लावून. आणि माझ्या कानापाशी, तोंडातल्या पट्टीमागून, तो कण्हला, "माय वं."

जयपुरात कोणी असं कण्हत नाही. अकोला, अमरावती, बुलढाणा, तिथला माणूस असा कण्हतो. मी मान मागे घेऊन त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि त्याला कळलं की मला कळलं. तो हसला. पंचानं आम्हाला सोडवलं. तुमचं सगळं कपाट त्याच्यापुढे उघडं होतं. पहिल्या घंटेपासून तो तुमचा दुसरा शिष्य होता, आणि माझ्याहून चांगला ऐकत होता.

मधल्या त्या एका मिनिटात मी तुम्हाला हे सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. तुम्ही ओल्या टॉवेलनं माझं नाक दाबून धरलं होतं आणि म्हणत होतात, "आता सोडू नको. दोन फेऱ्या आयकल्या, एक राहिली. आयक माह्या लेकरा." लेकरा तुम्ही मला कधी म्हणायचा नाहीत. मी गप्प बसलो. मी स्वतःला पुढे कितीतरी वर्षं सांगत आलो की तो डाव होता: तुम्हाला नाटक जमायचं नाही, तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही एकदम गप्प झाला असतात आणि त्याला संशय आला असता. हे खरंच होतं. पण पूर्ण खरं नव्हतं. मला आतून एक गुदगुल्या झाल्यासारखा आनंद झाला होता. तुमचं न ऐकण्याचा परवाना मला मिळाला होता, तोही जिंकण्यासाठी.

तिसरी फेरी मला अजून अंगात जाणवते. तुम्ही म्हणालात "डावा", त्याचा हात डाव्याच्या वाटेवर गेला, मी उजवा मारला. लागला. तुम्ही म्हणालात "मागं ये", तो मला गाठायला पुढे झेपावला आणि मी जागेवर उभा. त्याचं तोंड माझ्या मुठीवर येऊन आदळलं. रेल्वेची सगळी बाजू उठून उभी राहिली. तुमचा आवाज चढत गेला. आता तुम्ही आभाळाकडे बघायचं सोडलं होतं, पंचाची फिकीर सोडली होती. "डावा म्हनलो नं. काऊन करून राहिला बे असं?" पंचानं तुम्हाला बोट दाखवून ताकीद दिली. मी तुमच्या शब्दाशब्दाच्या उलट जात होतो आणि एकेक ठोसा बसत होता, आणि बाबा, खोटं कशाला बोलू, इतकं सुंदर मी आयुष्यात कधी खेळलो नाही. पाय जमिनीला लागत नव्हते. त्याच्या नाकातला श्वास मला ऐकू येत होता, मागे तुमचा आवाज, वर पतंगांची आरोळी, आणि या सगळ्याच्या मधे मी.

तो काही कच्चा नव्हता. मिनिटभरात त्यानं ओळखलं की पोरगा उलटं करतोय. तुम्ही "उजवा" म्हणालात, मी डावा टाकला, आणि तो डाव्याला तयार होता. डोळ्यांपुढे काजवे. पुन्हा तसंच झालं. गुण बरोबरीला आले असावेत किंवा मी मागे पडलो असेन, मला माहीत नाही. शेवटची काही सेकंदं उरली होती. आणि तुम्ही बोललात. ओरडून नाही. अगदी हळू, थकलेल्या आवाजात, चाक ठोकून झाल्यावर स्वतःशी बोलायचात तसं. "थांब. त्याले येऊ दे. श्वास सोडला का उजवा, खालून."

इतक्या आरडाओरड्यात ते मला कसं ऐकू आलं, कोण जाणे. मी थांबलो. हात वर घेऊन नुसता थांबलो. त्यानंही ते ऐकलं होतं, मला दिसलं, आणि त्याच्या डोळ्यांतला हिशोब दिसला: पोरगा उलटं करतो, म्हणजे आता थांबणार नाही, डावा घेऊन येणार. तो डाव्याच्या बाहेरून आत आला. त्याच्या नाकातून श्वास सुटल्याचा आवाज मी ऐकला. मी उजवा खालून सोडला. तो हनुवटीवर नेमका बसला, आणि तो फौजी, इतका पहाडासारखा गडी, गुडघ्यांतून वाकून दोराला टेकला. पंचानं आठ आकडे मोजले. घंटा झाली. मैदानात काय गदारोळ झाला, मला आठवत नाही. मी तुमच्याकडे वळून बघितलं.

तुम्ही पाठमोरे होतात. खाली वाकून बादली उचलत होतात. ते शेवटचं सांगून झाल्यावर तुम्ही वर बघितलंच नव्हतं. पोरगा काही ऐकत नाही, असं धरून तुम्ही सामान आवरायला घेतलं होतं. ठोसा तुम्ही बघितला नाहीत.

पंचांनी माझा हात वर केला. कॉलेजची पोरं रिंगणात घुसली, खांद्यावर घेतलं, "अकेले के दम पर जीता है" असं ओरडत मैदानभर फिरवलं. तुम्ही ते ऐकलंत. गर्दी ओसरल्यावर तुम्ही आलात, माझ्या नाकाकडे बघितलंत, हाड शाबूत आहे का ते दोन बोटांनी चाचपलंत. म्हणालात, "जितला. चांगला खेळला. तुले आता कोपऱ्यात मानूस लागत नाही." रागानं नाही, आणि तेच वाईट होतं. खरंच कौतुकानं, थोडे दबकून, जसं आपण दुसऱ्याच्या मुलाशी बोलतो. मी म्हणू शकलो असतो, बाबा, थांबा, ऐका. मी म्हणालो, "बरं."

तंबूत कपडे बदलत असताना तो फौजी आला. टोपी काढलेली, हनुवटी सुजलेली, हातात चहाचे दोन ग्लास. वऱ्हाडातल्या दर्यापूरकडचा निघाला. घर सोडून सहा वर्षं झाली म्हणाला, इतक्या दिवसांनी कोणी आपल्या बोलीत ओरडताना ऐकलं, पहिल्या फेरीत तर लढायचं विसरून ऐकत राहावंसं वाटलं. मग उठता उठता म्हणाला, "तुह्या बापाले माहा नमस्कार सांगजो. म्हन, थे शेवटचं मी आयकलं होतं, पन तुमचा पोरगा आयकनार असं नाही वाटलं." महिन्याभरात त्याची बदली झाली. पुन्हा कधी दिसला नाही.

राज्याच्या संघात मी दोन वर्षं होतो. कोपऱ्यात दुसरे गुरू होते, चांगले होते, नियमानं गप्प बसायचे. तुम्ही प्रेक्षकांत बसायचात, सगळ्यांसोबत टाळ्या वाजवायचात. कोणी तुम्हाला म्हणालं की शिकवलं तुम्हीच, तर तुम्ही हात हलवून म्हणायचात, "नहीं जी, वो सुनता कहाँ था." लोक हसायचे, मीही हसायचो. तुम्ही गेलात त्या आठवड्यात दवाखान्यात मी तुमच्याजवळ तीन दिवस बसलो होतो, आपण पतंगांपासून रेल्वेच्या पासापर्यंत सगळं बोललो. तेव्हाही सांगितलं नाही. इतका जुना निरोप कुठल्या तोंडानं द्यायचा, असं वाटलं.

मैदानापासून घरापर्यंत त्या संध्याकाळी आपण चालत आलो होतो, तुम्ही बादली घेऊन पुढे, मी मागे. निरोप द्यायला तेवढा रस्ता पुरला असता. पण एकट्याच्या दमावर जिंकलो हे ऐकायला मला फार गोड लागत होतं, आणि ते मला तुमच्याबरोबर वाटून घ्यायचं नव्हतं. हे कागद मी घडी करून कुठे ठेवणार, मला ठाऊक नाही. पण तो ठोसा तुमचा होता, बाबा. मी ऐकलं होतं.